पोटॅश आम्लधर्मी की अल्कधर्मी? गोणीपासून वाफ्यापर्यंत स्वतः तपासून बघायची रीत

खताच्या दुकानात पोटॅशची, म्हणजे पोटॅशियमच्या खताची, गोणी उचलताना आपल्या बेळगाव सीमाभागात एक प्रश्न हमखास निघतो: "सर, हे लाल पोटॅश टाकून टाकून जमीन आंबट होत नाही की ओ?" विचारणारा खानापूरकडचा भातवाला असतो, कारण त्याची लाल जमीन मुळातच आंबट. अथणी-रायबागकडचा ऊसवाला नेमकं उलटं विचारतो, पोटॅशमुळे जमीन चोपण (सोडियम साचून अल्कधर्मी) होते का? दहावीच्या पोरांची शंका तिसरीच असते. पोटॅशियम जर अल्क धातू आहे, तर त्याचं प्रत्येक संयुग अल्कधर्मी का नाही?

तिघांचं उत्तर एकच आहे. पाण्यात विरघळल्यावर पोटॅशियमचा आयन (विद्युतभार असलेला अणू) आम्ल-अल्काच्या भानगडीत पडत नाही. द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच (७ उदासीन, खाली आम्ल, वर अल्क), ठरवतो तो त्याच्यासोबत आलेला जोडीदार. म्हणून "पोटॅशियम आम्लधर्मी की अल्कधर्मी" या प्रश्नाला "कुठलं पोटॅशियम?" हा प्रतिप्रश्न करायलाच हवा. तो कसा करायचा, उत्तर कसं काढायचं आणि घरच्या घरी ते कसं पडताळायचं, हे इथे टप्प्याटप्प्याने देतो. यात क्षार हा शब्द मी शाळेच्या पुस्तकातल्या अर्थाने वापरतो, म्हणजे आम्ल आणि अल्क एकत्र येऊन बनलेला पदार्थ.

नुसत्या धातूपासून सुरुवात

शुद्ध पोटॅशियम हा सुरीने कापता येईल इतका मऊ, चांदीसारखा धातू आहे. अणुअंक १९. हम्फ्री डेव्हीने १८०७ साली लंडनमध्ये वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून) वीज सोडून तो पहिल्यांदा वेगळा केला. धातू म्हणून तो आम्लही नाही आणि अल्कही नाही. पण पाण्याशी गाठ पडली की क्षणात हायड्रोजन वायू आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होतं. उष्णता इतकी निघते की हायड्रोजन पेट घेतो आणि जांभळट ज्योत दिसते. उरलेलं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं. "पोटॅशियम अल्कधर्मी" हे वाक्य जिथून आलं ती जागा ही.

हा प्रयोग घरी तर सोडाच, शाळेतही मुलांच्या हाती देऊ नये. रॉकेलमध्ये ठेवलेल्या जुन्या तुकड्यावर पिवळट थर चढलेला असेल तर त्याला सुरीही लावू नये. तो थर पोटॅशियम सुपरऑक्साइडचा असतो आणि कापताना स्फोट होऊ शकतो.

पोटॅशियमचा ऑक्साइडही अल्कधर्मीच. पाण्यात टाकला की त्याचं हायड्रॉक्साइड होतं. इथवर सगळं एका बाजूचं आहे. गोष्ट बदलते ती क्षारांपासून.

जोडीदार ओळखा

कुठलाही पोटॅशियमचा क्षार घ्या आणि स्वतःला विचारा, हा कुठल्या आम्लापासून बनला? अल्काची बाजू ठरलेलीच आहे, ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आणि ते तीव्र आहे. आता आम्ल बघायचं.

आम्ल तीव्र असेल तर हिशेब मिटतो आणि क्षार उदासीन होतो. हायड्रोक्लोरिक आम्लापासून पोटॅशियम क्लोराइड, नायट्रिकपासून पोटॅशियम नायट्रेट (जुना सोरा), सल्फ्युरिकपासून पोटॅशियम सल्फेट. तिन्हींचा सामू ७ च्या आसपास. विहिरीत टाकायचं जांभळं परमँगनेटही उदासीनच, त्याचा रंग बघून घाबरायचं कारण नाही.

आम्ल सौम्य असेल तर क्षार अल्कधर्मी होतो. कार्बोनिक आम्ल सौम्य, म्हणून पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी ११ च्या पुढे जातं. असिटेट, सायट्रेट, सिलिकेट हीही त्याच बाजूची मंडळी. कारण समजून घेण्यासारखं आहे. कार्बोनेट आयनाला हायड्रोजनची ओढ असते. तो पाण्याच्या रेणूतून हायड्रोजन काढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड शिल्लक राहतो. क्लोराइडला ती ओढ जवळजवळ नाहीच, म्हणून तो पाण्याला हात लावत नाही. पोटॅशियमचा आयन आकाराने मोठा आणि त्यावर भार एकच, त्यामुळे त्याचीही पाण्याच्या रेणूवर पकड बसत नाही.

आता खरी गंमत आहे ती अर्धवट क्षारांत, म्हणजे ज्यांच्यात आम्लाचा हायड्रोजन अजून शिल्लक आहे. नावात "बाय", "हायड्रोजन" किंवा "मोनो" दिसलं की थांबून विचार करायचा. फॉस्फेटचं कुटुंब यासाठी सगळ्यात चांगलं. फॉस्फोरिक आम्लात तीन हायड्रोजन असतात. त्यातला एकच काढून पोटॅशियम बसवलं तर मोनो पोटॅशियम फॉस्फेट होतं, सामू साधारण साडेचार, म्हणजे चक्क आम्लधर्मी. दोन काढले तर सामू ९ च्या आसपास. तिन्ही काढले तर १२ च्या घरात. पोटॅशियम तेच, फॉस्फेट तेच, आणि फरक सात-आठ अंकांचा! सामूचा एक अंक म्हणजे दहापट, हे लक्षात घेतलं तर हा फरक किती प्रचंड आहे ते कळेल. तशीच गत बायकार्बोनेट आणि बायसल्फेटची. पहिलं सव्वाआठच्या आसपास, हलकं अल्कधर्मी. दुसरं २ च्याही खाली, बोटं भाजतील इतकं आम्लधर्मी. म्हणजे नुसतं "बाय" वाचून निकाल देता येत नाही, आम्ल कुठलं ते बघावंच लागतं.

एक अपवाद घरात असतो, तुरटी. पावसाळ्यात मलप्रभेचं किंवा घटप्रभेचं गढूळ पाणी निवळायला आपण ती फिरवतो. पोटॅश तुरटीत पोटॅशियम आहे, सल्फेट आहे, दोन्ही उदासीन. तरी तिचं पाणी साडेतीनच्या जवळपास आम्लधर्मी असतं. ही करामत तिसऱ्या पाहुण्याची, ॲल्युमिनियमची. त्याचा आयन लहान आणि तीन भारांचा असतो, तो पाण्याच्या रेणूला पकडतो आणि हायड्रोजन मोकळा करतो. संयुगात पोटॅशियमशिवाय दुसरा धातू असेल तर त्याचीही विचारपूस करायची, ती यासाठी.

गोणीवरच्या आकड्याने फसू नका

सगळ्यात जास्त गोंधळ माझ्या मते इथे आहे. म्युरिएट ऑफ पोटॅशच्या, म्हणजे लाल पोटॅशच्या, गोणीवर ६० टक्के पोटॅशियम ऑक्साइड असं छापलेलं असतं. ते वाचून ऑक्साइड अल्कधर्मी, म्हणून खतही अल्कधर्मी, असा निष्कर्ष शिकलेले लोकही काढतात. गोणीत पोटॅशियम ऑक्साइडचा कणही नसतो. ती हिशेबाची जुनी पद्धत आहे: आत जेवढं पोटॅशियम आहे ते ऑक्साइडच्या रूपात असतं तर किती भरलं असतं, एवढंच तो आकडा सांगतो. पोटॅशियम ऑक्साइडमध्ये ८३ टक्के पोटॅशियम असतं, म्हणून ६० चा आकडा म्हणजे सुमारे ५० टक्के पोटॅशियम, आणि प्रत्यक्षात ९५ टक्के पोटॅशियम क्लोराइड. लाल रंग येतो तो खाणीतल्या लोह ऑक्साइडच्या अंशामुळे. त्याचा आम्लाशी संबंध नाही.

विद्राव्य खतांच्या पिशव्या वाचायच्या त्या अशा. तीन आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पोटॅश यांचे टक्के. ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट, १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, दोन्ही मुळात उदासीन. ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, आम्लधर्मी.

पण ०:०:५० कडे जरा बारकाईने बघा. हे खत बऱ्याच कारखान्यांत पोटॅशियम क्लोराइड आणि सल्फ्युरिक आम्ल भट्टीत एकत्र तापवून बनवतात. क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपात निघून जातो आणि सल्फेट उरतं. प्रक्रिया पूर्ण झाली नाही तर थोडं बायसल्फेट मागे राहतं, आणि तेवढ्यानेही द्रावणाचा सामू खूप खाली येतो. म्हणून एका कंपनीचं ०:०:५० सातच्या जवळ दाखवतं आणि दुसऱ्याचं तीन-चार दाखवतं. दोन्हींत पोटॅश तेवढंच असू शकतं. ठिबकमध्ये चुनखडीचं पाणी चालत असेल तर आंबट माल काही वेळा फायद्याचाही ठरतो. फवारणीत मात्र आधी तपासल्याशिवाय वापरू नये.

तपासणीची रीत

लागणारं साहित्य फारसं नाही. शाळा-कॉलेजला साहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळणारी पीएच पट्टी, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, काचेचे दोन-तीन पेले आणि योग्य पाणी.

पाणी ही पहिली पायरी, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात. कृष्णाकाठच्या बोअरचं पाणी स्वतःच ८ च्या आसपास असू शकतं, मग त्यात काहीही घाला, उत्तर चुकीचंच येणार. गॅरेजमध्ये बॅटरीत भरायला मिळतं ते डिस्टिल्ड पाणी आणा. मागताना "बॅटरीचं पाणी" असं स्पष्ट म्हणा आणि बाटलीवरचं नाव वाचा, कारण शेजारीच बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. हे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून साडेपाच-सहापर्यंत उतरलेलं असतं, म्हणून पाच-दहा मिनिटं उकळून, झाकून थंड करा. त्यात एक कोरी पट्टी बुडवून रंग बघून ठेवा. पुढची तुलना या रंगाशी करायची.

मग १०० मिलि पाण्यात १ ग्रॅम पदार्थ टाकून काचेच्या कांडीने किंवा प्लॅस्टिकच्या चमच्याने ढवळा. स्टीलचा चमचा टाळलेला बरा. गाळ असेल तर खाली बसू द्या. पट्टीचं टोक क्षणभर बुडवा, जास्तीचं पाणी झटका आणि अर्ध्या मिनिटात सावलीत रंग जुळवा. उशीर केला की हवेने रंग बदलतो. लाल पोटॅशचं पाणी गढूळ-लालसर दिसतं आणि पट्टीवर तोच रंग चढतो. म्हणून ते गाळून, वरचं नितळ पाणीच घ्या.

पट्टी नसेल तर हळद आहेच. गोकाक-रायबागकडे हळदीला तोटा नाही. स्पिरिटमध्ये हळद घोळून गाळण कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवा, सावलीत वाळवा. अल्कधर्मी द्रावणाचा थेंब पडला की पिवळी पट्टी लालभडक होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. पण हळद आम्ल आणि उदासीन यांत फरक दाखवत नाही, दोन्हींत पिवळीच राहते. त्यासाठी जास्वंदीची पाकळी पांढऱ्या कागदावर घासून जांभळट डाग करा. आम्लात तो गडद गुलाबी होतो, अल्कात हिरवा. हळद आणि जास्वंद दोन्ही एकत्र वापरले की उत्तर पक्कं.

चुलीतली राख: एक पूर्ण उदाहरण

वर सांगितलेलं सगळं एकाच पदार्थात बघायचं असेल तर चुलीची राख घ्या. लाकूड, शेणी, भुईमुगाची टरफलं, काहीही जाळलं तरी झाडातलं पोटॅशियम राखेत उरतं, आणि तिथे ते मुख्यतः कार्बोनेटच्या रूपात असतं. प्लॅस्टिक किंवा छापील कागद जाळलेली राख घेऊ नका.

चाळून घेतलेली मूठभर राख अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी वर साधारण चहाच्या फिकट रंगाचं नितळ पाणी दिसेल. ते दुहेरी सुती फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको, अल्क ते खातं. हातमोजा नसेल तर बोट बुडवू नका. बुडलंच तर बुळबुळीत लागेल, कारण अल्क त्वचेवरच्या तेलाचा साबण करतो. राखेने भांड्याचं तेलकटपण निघतं ते याच कारणाने. पट्टी बुडवलीत तर १० ते १२ च्या मधला रंग येईल आणि हळदीची पट्टी लगेच लाल होईल. आता थोड्या नितळ पाण्यात लिंबू पिळा. बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे, म्हणजे कार्बोनेट असल्याची ही साक्ष. गाळलेलंच पाणी वापरायचं, कारण न विरघळलेल्या राखेत चुनखडीही असते आणि तिचेही बुडबुडे येतात. उरलेलं पाणी मंद आचेवर आटवलं की तळाशी पांढुरका थर राहतो. तो उघडा ठेवला की हवेतलं पाणी ओढून ओला होतो, पोटॅशियम कार्बोनेटची ती खूणच आहे. उकिरड्यावर पावसात पडलेल्या राखेत पोटॅश फारसं उरत नाही, कारण ते पाण्यात विरघळून वाहून जातं.

आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून मिळणारं मळीपासूनचं पोटॅश हेही मुळात राखच. डिस्टिलरीचं सांडपाणी आटवून जाळलं की ती राख मिळते, आणि त्या खताचं प्रमाण १४.५ टक्के पोटॅश ठरलेलं आहे. त्यात क्लोराइड, सल्फेट, कार्बोनेट असा मिश्र माल असतो, म्हणून नावावरून सामू सांगता येत नाही. गोणी घेतल्यावर १ ग्रॅमची चाचणी करा, मगच कुठल्या शेतात टाकायचं ते ठरवा.

पेल्यातलं उत्तर शेतात कसं लावायचं

लाल पोटॅश आणि सल्फेट दोन्ही जमिनीचा सामू जवळजवळ हलवत नाहीत. खानापूरची जमीन आंबट आहे ती घाटाच्या पावसाने चुना-मॅग्नेशियम धुऊन नेल्यामुळे. त्यावर उपाय चुना, आणि तोही माती परीक्षणाच्या शिफारशीप्रमाणे. राख तिथे उपयोगी आहे, थोडा चुन्याचा गुण आणि थोडं पोटॅश दोन्ही देते. कृष्णाकाठच्या चोपण जमिनीचा सामू साडेआठच्या वर गेलेला असतो तो सोडियममुळे. पोटॅशला दोष देऊन उपयोग नाही आणि पोटॅश टाकून ती सुधारतही नाही, तिला जिप्सम आणि निचरा लागतो. अशा जमिनीत राख टाकू नका. आणि लाल पोटॅश उदासीन असलं तरी ते मीठच आहे. जमिनीत मीठ आधीच साचलं असेल तर त्यातला क्लोराइड भार वाढवतो. सामू आणि खारेपणा या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, अहवालात दोन्ही आकडे बघावेत.

पोटॅशियम नायट्रेट पेल्यात उदासीन, पण मुळं त्यातलं नायट्रेट उचलताना बदल्यात बायकार्बोनेट सोडतात. त्यामुळे मुळांजवळची माती हळूहळू अल्काकडे सरकते. आंबट जमिनीला हे चालतं.

निपाणीकडे तंबाखूला लाल पोटॅश देत नाहीत, सल्फेट देतात. त्याचं कारण सामू नाही. क्लोराइड पानात गेलं की तंबाखू नीट जळत नाही, म्हणून. बेळगाव तालुक्यातल्या बटाट्याच्या सरीत राख टाकायची सवय असेल तर हात आखडता घ्या. सामू वाढला की बटाट्याच्या सालीवर खरबरीत खपल्या आणणारा रोग बळावतो.

मिसळताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. राख किंवा कुठलंही अल्कधर्मी पोटॅश डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट), अमोनियम सल्फेट किंवा युरियाबरोबर एकत्र करू नका. नाकाला झोंबणारा वास आला म्हणजे तुमचं नत्र अमोनिया होऊन हवेत चाललं. आणि ०:५२:३४ किंवा ०:०:५० हे कॅल्शियम नायट्रेटच्या एकाच टाकीत घालू नका. पहिल्याने कॅल्शियम फॉस्फेट, दुसऱ्याने जिप्सम तळाला बसतं आणि ठिबकची छिद्रं बुजतात. पोटॅशियम सिलिकेट तीव्र अल्कधर्मी असतं. आम्लधर्मी औषधात ओतलं की त्याची जेली होते, म्हणून ते वेगळंच फवारा.

द्रव साबण करणाऱ्या बचतगटांकडे कॉस्टिक पोटॅश असतं. ते पाण्यात थोडं थोडं टाकायचं, पाणी त्यावर ओतायचं नाही, आणि चष्मा-हातमोज्याशिवाय डबा उघडायचा नाही. अंगावर उडालं तर लिंबू-व्हिनेगर लावत बसू नका, त्याने उष्णता निघून जखम वाढते. नळाखाली भरपूर पाणी सोडा. डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

जमिनीचा सामू घरी बघायचा तर २० ग्रॅम वाळलेली चाळलेली माती ५० मिलि डिस्टिल्ड पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या नितळ पाण्यात पट्टी बुडवा. खताचा निर्णय मात्र प्रयोगशाळेच्या आकड्यावरच घ्या. नमुना नागमोडी चालत आठ-दहा जागांहून, व्ही आकाराचा खड्डा करून १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंत घ्या. बांधाकडेची, उकिरड्याची, राख टाकलेली जागा सोडा. सगळी माती मिसळून, चार भाग करत करत अर्धा किलो उरवा आणि सावलीत वाळवून रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या केंद्रात) द्या. नमुना देताना सामू, विद्युत वाहकता (खारेपणाचं माप) आणि उपलब्ध पोटॅश हे तीन आकडे हवेत असं सांगा, आणि मागच्या हंगामात कुठलं पोटॅश टाकलं होतं ते चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाका.